मुळांची सोयरीक : खानदेशातील बेवडाचा इतिहास



वसंतातल्या व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, तहनामे आणि राजघराणी उभी राहतात. थाळनेर आणि लळिंग हे किल्ले ज्यांच्या उशाशी आहेत, त्या खानदेशातील श्रोत्यांची तशी अपेक्षा असणे स्वाभाविकच आहे. आज मी मात्र आपल्याला किल्ल्यावर न नेता जमिनीखाली हातभर खोल नेणार आहे. तेथे एक फार जुनी सोयरीक चालू आहे. झाडाचे मूळ हा एक पक्ष आणि बुरशी हा दुसरा. या सोयरिकीचा शोध परदेशात कसा लागला, आपल्या शेतकऱ्याला तिचा सुगावा कोणत्या रूपाने होता, आणि मधल्या शंभर-दीडशे वर्षांत आपण ती कशी मोडत आणली, हे सांगण्याचा आज विचार आहे.

‘बुरशी’ हा शब्द आपल्या घरात अपशकुनी आहे. लोणच्याच्या बरणीवर पांढरा पापुद्रा दिसला की गृहिणीचा जीव खाली-वर होतो. शेतकऱ्यालाही बुरशीची ओळख आहे ती रोगाच्या रूपाने. द्राक्षावरची भुरी आणि केवडा, कपाशीची मर, केळीचा करपा ही सारी बुरशीचीच कर्तबगारी. तेव्हा बुरशी म्हणजे शत्रू, आणि शत्रूवर औषध फवारायचे, हा हिशेब सरळ दिसतो. तो अर्धाच खरा आहे, हेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र समजा.

दुसरा शब्द आहे ‘बेवड’. शहरात ‘बेवडा’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने परिचित आहे. विषयात पुढे द्राक्षे येणार असली तरी त्याचा येथे काही संबंध नाही. शेतकऱ्याच्या भाषेत बेवड म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण. हरभऱ्याचा बेवड चांगला, मुगाचा बेवड चांगला, असे तो म्हणतो. रावेर-यावलकडे केळीसाठी जमीन पाहताना ‘बेवड कशाचा?’ हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. एका पिकाचे ऋण दुसऱ्या पिकावर असते ही कल्पना या तीन अक्षरांत पूर्ण उतरली आहे. आता या ऋणाचा इतिहास पाहू.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी, तसेच बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात अनेकांच्या मालकीची शेते असत. पण त्या वर्षी त्या फडात कोणते पीक घ्यायचे हे एकटादुकटा मालक ठरवीत नसे. एका फडात ऊस ठरला की त्या फडातल्या सर्वांनी ऊसच लावायचा. पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या फडात जाई, आणि पहिल्या फडात हंगामी पिके येत. पाणी वाटायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या अशी माणसे गावाने नेमलेली असत. या व्यवस्थेची वाखाणणी आजवर पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी झाली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. फड म्हणजे पिकांच्या फेरपालटीचा गावाने केलेला कायदाच होता. लोभापायी एखाद्याला वर्षानुवर्षे त्याच जमिनीत ऊस घ्यावासा वाटला, तरी घेता येत नसे. बेवड हा तेथे गावाचा करार होता.

कोरडवाहू काळ्या जमिनीत असा लेखी-तोंडी कायदा नव्हता, पण रीत होती. कपाशीत तुरीच्या ओळी, ज्वारीत मूग-उडीद, रब्बीला हरभरा. शेताच्या एखाद्या तुकड्यात ताग. कपाशी बुडाली तर तूर हाताशी राहील, हा त्यामागचा उघड विचार. ‘शेंगवर्गी पिकाने जमीन सुधारते’ हा अनुभवही होताच. त्याचे कारण मात्र कोणाला ठाऊक नव्हते, आणि युरोपातही त्या वेळी ठाऊक नव्हते. तथापि या जुन्या शेतीचे सोवळे चित्र रंगवण्याचे कारण नाही. फडाचे पाणी ज्याची जमीन त्यालाच मिळे, भूमिहीनाला नाही. आणि पाऊस हुकला की बेवड कितीही चांगला असला तरी खळे रिकामेच राही.

इ. स. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, आणि त्याच वर्षी पेशवाई संपून खानदेश कंपनी सरकारकडे गेला. होळकरांचे नाव येथे ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांनी आपल्या कथेत ते पुन्हा येणार आहे. इंग्रजी अमलात सारा रोख पैशात भरायचा ठरला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्याच दशकात आगगाडी खानदेशात आली. काळ्या जमिनीचा हा प्रदेश कापसाचा म्हणून प्रसिद्ध पावला आणि जळगाव, धुळे, अमळनेर ही गावे सरकी-गाठींच्या व्यापारावर वाढली. युद्ध संपले, भाव कोसळले, पण रोख पिकाची ओढ राहिली. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला पुढच्या वर्षीच्या बेवडापेक्षा या वर्षीचा हप्ता जवळचा वाटतो, यात त्याचा दोष मानता येत नाही.

जमिनीचा कस जातो आहे, ही ओरड महाराष्ट्रात स्पष्टपणे केली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्यांचा ग्रंथ १८८३ साली लिहून पुरा झाला. डोंगरांवरचा पालापाचोळा, शेण, कुजलेले सत्त्व पूर्वी पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरत असे. जंगले सरकारने राखीव केली, चराई बंद झाली, आणि जमिनीचा हा खुराक तुटला, असे त्यांनी मांडले. यावर जागोजागी ताली-बंधारे घालून पाणी व सत्त्व शेतात मुरवावे, असा उपायही सुचवला. ज्या माणसाकडे रसायनशास्त्राची पदवी नव्हती त्याने कुजलेल्या पानाला जमिनीचे अन्न म्हटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे सहा वर्षांनी, १८८९ साली, येथील शेती सुधारण्यासाठी जॉन ऑगस्टस व्होलकर हे रसायनतज्ज्ञ विलायतेहून पाठवण्यात आले. देशभर फिरून १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा की, फेरपालट आणि मिश्र पिके यांत येथील चांगल्या शेतकऱ्याला शिकवावे असे फारसे नाही. त्याच्याजवळ उणीव आहे ती खताची आणि पाण्याची. शिकवायला आलेल्या माणसाने ही कबुली द्यावी, यातच तिचे मोल आहे.

आता युरोपात जाऊ. फुल्यांचा ग्रंथ लिहून झाल्यावर दोनच वर्षांनी, १८८५ साली, दोन निरनिराळ्या देशांत दोन शोध जाहीर झाले. दोन्ही बुरशीसंबंधीचे, आणि एकमेकांच्या अगदी उलट.

पहिला बर्लिनमधला. तेथे जमिनीखाली वाढणारे ‘ट्रफल’ नावाचे एक महागडे अळिंब श्रीमंतांच्या ताटात मानाचे समजले जाई. त्याची लागवड करता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले. लागवडीचे काम काही साधले नाही. पण जंगलातली झाडे उकरताना फ्रांकला दिसले की, निरोगी झाडांच्या कोवळ्या मुळांवर बुरशीचे आवरण असतेच असते. रोग म्हणावा तर झाड ठणठणीत. त्याने तर्क बांधला की ही बुरशी झाडाची दाई आहे. ती मातीतून पाणी व क्षार आणून देते. बुरशी आणि मूळ या दोन ग्रीक शब्दांचा जोड करून त्याने या जोडगोळीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. त्याच्या समकालीनांनी यावर पुष्कळ अविश्वास दाखवला.

दुसरा शोध फ्रान्समधल्या बोर्दोचा. तेथल्या द्राक्षमळ्यांत केवड्याने थैमान घातले होते. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवला होता! चोराला भिववण्यासाठी केलेला लेप रोगाला लागू पडला. १८८५ साली मिलार्देने हे मिश्रण जाहीर केले. नाशिक-सांगलीपर्यंतचे बागायतदार ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतात ते हेच.

एकाच वर्षी एकाने बुरशीला दाई म्हटले आणि दुसऱ्याने बुरशी मारण्याचे औषध दिले. यातला दुसरा शोध दोन-तीन दशकांत जगभर पोहोचला. पहिल्याला शेतापर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. याचे कारण उघड आहे. औषध बाटलीत भरून विकता येते, आणि त्याचा गुण आठ दिवसांत पानावर दिसतो. मुळाशी चाललेली सेवा कोणाला दिसत नाही. त्या साली आसोद्यात बहिणाबाई नावाची मुलगी पाच वर्षांची होती. पुढे मातीशी बोलणारी कवयित्री म्हणून महाराष्ट्राने तिला ओळखले. बर्लिनची वार्ता आसोद्याला पोहोचण्याचे काही कारण नव्हते, पण मातीत जीव आहे हे तेथे कोणाला शिकवावे लागले नसते.

लगेच पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, हेलरीगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका शास्त्रपरिषदेत सांगितले की, शेंगवर्गी झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जंतू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. बेवडाचे अर्धे कोडे येथे उलगडले. हरभऱ्यानंतर गहू का चांगला येतो, याला एक शास्त्रीय उत्तर मिळाले, आणि ते उत्तर इतके समाधानकारक होते की, उरलेल्या अर्ध्या कोड्याकडे बरीच वर्षे कोणी पाहिले नाही.

ते उरलेले अर्धे समजण्यासाठी मुळापाशी काय घडते ते थोडक्यात सांगतो. स्फुरद हे पिकाचे एक मुख्य अन्न. नत्र पाण्याबरोबर मातीत फिरतो. स्फुरद जागचा हलत नाही. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचा अंश पुष्कळ, आणि चुना स्फुरदाला धरून ठेवतो. म्हणजे घरात धान्याचे कणगे भरलेले, पण कुलूप लावलेले, अशी स्थिती. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटर मातीतला स्फुरद उचलते. पुढे हात पोहोचत नाही. अशा वेळी बुरशीचे तंतू कामाला येतात. हे तंतू मुळावरच्या केसांहूनही कितीतरी बारीक असतात. मूळ शिरू शकत नाही अशा फटींतून ते कित्येक सेंटिमीटर दूर जातात, तिथला स्फुरद आणि जस्त गोळा करून मुळाच्या पेशीपर्यंत पोहोचवतात. पेशीच्या आत हा तंतू लहानशा झुडपासारखा फांद्या फोडतो, आणि तेथे देवघेव चालते. झाड पानात तयार केलेल्या साखरेचा वाटा बुरशीला देते. बुरशीला दुसरे अन्नच नाही. सोयरीक म्हणतो ती यासाठी. कपाशी, ज्वारी, केळी, ऊस, डाळी, द्राक्षवेल ही सारी या सोयरिकीतली घरे आहेत. स्कॉटलंडमधील राइनी गावाच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जे अवशेष सापडले, त्यांच्या पेशींतही अशीच झुडपे दिसतात. झाडाला खरे मूळ फुटण्यापूर्वीची ही मैत्री आहे.

आता होळकरांकडे परत येऊ. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून शिरपूर, सेंधवा करीत सातपुडा ओलांडतो आणि इंदूरला जातो. त्या इंदुरात १९२४ साली, होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर, वनस्पतिसंशोधनाची एक संस्था उभी राहिली. पैसा मुख्यतः हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कापूस समितीचा, आणि पहिले संचालक आल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली ते बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले होते. येथील शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले दोन प्राध्यापक, असे ते म्हणत. इंदूरची जमीन आपल्यासारखीच काळी आणि पीकही कापसाचेच. तेथे त्यांनी शेण, गोमूत्राची माती, राख आणि शेतातला सारा केरकचरा यांपासून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. कपाशीच्या काड्या, ज्यांना आपण पऱ्हाटी म्हणतो, त्या कठीण असल्याने कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत. १९३१ साली या रीतीवरचे पुस्तक निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीला संस्थेतील रसायनशास्त्राचे सहकारी यशवंत वाड यांचे नाव आहे. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. वाड हे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणाला आठवत नाही.

हॉवर्ड यांनी फ्रांकचा विसरलेला शोध पुन्हा शेतकऱ्यापुढे आणला. १९१० नंतरची काही वर्षे ते उन्हाळ्यात क्वेट्ट्याच्या फळबागेत काम करीत. त्या सरहद्दीवरच्या द्राक्षवेली औषध न शिंपडता निरोगी राहतात हे त्यांनी पाहिले होते. निवृत्तीनंतर त्यांनी फ्रान्सच्या प्रोव्हांस प्रांतातील शेणखतावर पोसलेल्या द्राक्षवेलींची मुळे तपासवून घेतली, तेव्हा त्यांत ही बुरशी मुबलक आढळली. १९४० सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे सारे गुंफून असे प्रतिपादन केले की, कुजलेल्या खताने ही बुरशी वाढते आणि बुरशीमुळे पीक निरोगी होते. यात त्यांची दृष्टी खरी ठरली, पण तपशील सगळा खरा ठरला नाही. झाड बुरशीला पचवून तिच्यातले सत्त्व घेते असे ते समजत. मुख्य लाभ स्फुरदाचा, हे पुढे कळले. क्वेट्ट्याच्या वेली निरोगी राहण्यात तेथल्या कोरड्या हवेचाही मोठा वाटा असणार, कारण केवड्याला ओले पान लागते. थोर माणसाची चूक सांगितल्याने त्याचा मोठेपणा कमी होत नाही, आणि न सांगितल्यास त्याचे शिष्य मात्र फसतात.

या विषयात काटेकोर पुरावा आणला तो बार्बरा मॉस या विदुषीने. इंग्लंडातील ईस्ट मॉलिंगच्या फळसंशोधन केंद्रात स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या मुळांवर तिने १९५० च्या दशकात काम केले. बुरशीसह आणि बुरशीवाचून वाढवलेली रोपे शेजारी ठेवून तिने वाढीतला आणि अन्नांशातला फरक दाखवला.

परंतु खानदेशच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियाचा आहे. तेथे क्वीन्सलँड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा टापू आहे. जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. आपल्या तापीखोऱ्याचीच बहीण. पाणी साठवण्यासाठी तेथले शेतकरी जमीन वर्ष-सव्वा वर्ष पीक न घेता, तण काढून, साफ मोकळी ठेवीत. ओल साठे, नत्रही साठे. आणि तरीही पुढचे पीक खुरटे, पिवळे निघे. या कोड्याला त्यांनी ‘लांब पडीचा विकार’ असे नावच दिले होते. १९८७ साली थॉम्पसन या संशोधकाने त्याचे कारण दाखवून दिले. इतके दिवस एकही जिवंत मूळ नसल्याने जमिनीतली ही सोयरी बुरशी उपासमारीने क्षीण झाली होती. त्यामुळे सूर्यफुलासारख्या पिकाला समोर असलेला स्फुरद आणि जस्त उचलता येत नव्हता.

बंधुभगिनींनो, बेवडाचे उरलेले अर्धे ते हेच. मुगाने मागे ठेवलेला नत्र एवढाच बेवड नव्हे. मूग उभा असताना त्याच्या मुळांनी बुरशीला जगवले, आणि तीच बुरशी पुढच्या पिकाच्या कामी आली. म्हणूनच सगळ्या पिकांचा बेवड सारखा नसतो. मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळाने आणि पालकाच्या कुळाने ही सोयरीक फार पूर्वीच सोडली आहे. त्यांची मुळे या बुरशीला थारा देत नाहीत. तेव्हा दुसऱ्या कारणांसाठी ती उपयोगी असली, तरी बुरशी जगवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही.

आता द्राक्षाकडे वळतो. बागलाण, मालेगाव, नांदगाव हे तालुके १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होते. त्यानंतर ते नाशिककडे गेले. म्हणून सटाण्याच्या अगाप द्राक्षांवर थोडा हक्क सांगायला आपल्याला हरकत नाही, आणि साक्री तालुका तर त्यांच्या शेजारचाच. द्राक्षवेलीची मुळे जाड असतात आणि त्यांवर केस कमी. त्यामुळे स्फुरदासाठी तिला या बुरशीची गरज इतर पिकांहून अधिक. असे असता दोन ओळींमधली जमीन आरशासारखी साफ असणे हे चांगल्या बागेचे लक्षण, असा समज आपल्याकडे रुजला. बागेत तण दिसले तर पाहुण्यासमोर मान खाली जाई. आधी खुरपणी, मग तणनाशक. शिवाय वर्षानुवर्षे मोरचुदाची फवारणी. तांबे मातीतून नाहीसे होत नाही, ते साचत जाते, आणि फार साचल्यावर मातीतल्या उपकारी जिवांनाही बाधते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोहून अधिक तांबे वापरू नये असे बंधन घातले. ज्या भूमीत बोर्डो मिश्रण जन्मले तेथेच ते मोजून वापरण्याची पाळी आली.

वेलींच्या ओळींमध्ये आच्छादन पीक घेण्याची रीत आता जगभरच्या द्राक्षमळ्यांत रुळली आहे. कॅलिफोर्नियात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आच्छादन पिकाला खूण केलेला नत्र देण्यात आला, आणि त्याचा अंश पुढे शेजारच्या द्राक्षवेलीत मिळाला. मधला दुवा या बुरशीचा. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, पाऊस लागला की ओळींमध्ये ताग किंवा धैंचा पेरावा, फुलावर येताच कापून तेथेच पसरावा, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वी रान मोकळे करावे, असा क्रम बसतो. त्याने माती झाकली जाते, बुरशी जगते, आणि ढेकूळ भुसभुशीत होते.

यावरचे आक्षेप मी लपवणार नाही. बागलाणात अगाप बागांची फळछाटणी पावसाळ्यातच होते. त्या वेळी वेलीखाली दाट हिरवळ असली तर दमटपणा वाढून केवड्याला आमंत्रण मिळते. तेथे वेळापत्रक वेगळे बांधावे लागेल. धुळे, शिंदखेडा भागात पाऊस थोडा. आच्छादन पीक उशिरापर्यंत उभे ठेवले तर ते मुख्य पिकाच्या घोटातले पाणी पिते. दक्षिण फ्रान्सच्या कोरड्या भागातही हीच अडचण आहे. उपाय एकच, पीक वेळेवर कापणे आणि वाळलेले आच्छादन ठेवणे. आळशाच्या हातून ही रीत तोट्याची ठरेल, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरा इशारा पुड्यांविषयी. आज बाजारात मायकोरायझाच्या पुड्या मिळतात. ज्या जमिनीत ही बुरशी मुळातच नांदते आहे तेथे पुडी ओतणे म्हणजे तापीत घागर रिकामी करणे. शिवाय स्फुरदाचे खत भरमसाट घातले तर झाड या सोयरिकीकडे पाठ फिरवते. घरबसल्या मिळाले की पाहुण्याला कोण विचारतो? मात्र एका ठिकाणी पुडीला खरे काम आहे, आणि ते जळगावच्या दाराशीच आहे. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने तयार होणारे केळीचे रोप निर्जंतुक बाटलीत जन्मते. त्याच्या मुळाला ही बुरशी कधी भेटलेलीच नसते. असे रोप रोपवाटिकेत कणखर होत असतानाच त्याची सोयरीक जुळवून दिली, तर ती शास्त्राला धरून आहे. त्यानंतरही बेवडाची गरज संपत नाही. केळीवर केळी घेतलेल्या जमिनीला ताग आणि कडधान्याची विश्रांती लागतेच.

आपण म्हणाल, आम्ही शहरातली माणसे. आम्हाला हे सांगून काय उपयोग? येथेच मला अखेरचे बोलायचे आहे. या सभेत बसलेल्या पुष्कळांची गावी जमीन आहे. ती बटाईने किंवा खंडाने दिलेली असते, आणि बहुधा एका वर्षाच्या बोलीवर. ज्याला पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील की नाही ठाऊक नाही, त्याने कोणासाठी ताग गाडावा? बेवड हा पुढच्या वर्षाला दिलेला उधार आहे. परतफेडीची खात्री नसेल तर उधार कोणी देत नाही. पांझरेकाठच्या फडात ती खात्री गावाने दिली होती. इंग्रजी अमलातल्या रोख साऱ्याने आणि कर्जाने ती हिरावली. आज ती आपल्या एका वर्षाच्या बोलीने हिरावली जाते. जमीन तीन वर्षांच्या करारावर द्या, त्यातले एक पीक कडधान्याचे किंवा हिरवळीचे असावे अशी अट घाला, आणि त्या वर्षी खंड कमी घ्या. मालकाला यात थोडा तोटा आहे, हे मी जाणून आहे. पण आज बेवडाचा सगळा खर्च जमीन नसलेल्या माणसाच्या माथी आहे, आणि त्याचा लाभ मात्र जमीनवाल्याला. हा हिशेब पूर्वीच्या फडकऱ्यांनाही मान्य झाला नसता.

उद्या गावी गेलात, तर जमीन कसणाऱ्याला उत्पन्न किती आले हे विचाराल, ते जरूर विचारा. त्याच्याआधी ‘बेवड कशाचा आहे?’ हेही विचारून पाहा. आपण हे विचारले याचे त्याला नवल वाटेल, आणि मग तो जे सांगेल ते माझ्या व्याख्यानापेक्षा अधिक मोलाचे असेल.